लोकशाहीतील ‘शाही’



सोलापुरातील सात रस्ता या चौकाजवळ मी अनेक वर्षे राहतो. नावाप्रमाणेच येथे सात रस्ते एकत्र येतात. सकाळी दहाच्या सुमारास कधी सिग्नल बंद पडला, की चौकाच्या मधोमध उभा असलेला वाहतूक पोलीस हात वर करतो आणि रिक्षा, दुचाक्या, एस.टी.च्या गाड्या थांबतात. त्या हातात एखादी सायकल अडवण्याइतकेही बळ नसते. तरीही माणसे थांबतात, कारण हा हात उचलण्याचा अधिकार या माणसाला आहे हे सर्वांनी मान्य केलेले असते. भाषेचा अभ्यासक असल्यामुळे मला तो वर गेलेला हात एखाद्या आज्ञार्थी वाक्यासारखा वाटतो. आज्ञार्थी वाक्याचा कर्ता बहुधा अध्याहृत असतो. ‘थांबा’ एवढेच आपण ऐकतो. कोण म्हणते आणि कोणत्या अधिकाराने म्हणते, हे वाक्यात नसते. ते विचारावे लागते. या लेखात तुमच्याशी बोलायचे आहे ते या विचारण्याविषयी.

आधी शब्दांकडे पाहू. ‘सरकार’ हा शब्द फारसीतून आला. ‘सर’ म्हणजे प्रमुख आणि ‘कार’ म्हणजे काम. ‘कायदा’ आणि ‘हुकूम’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. त्यांपैकी ‘कायदा’ या शब्दाच्या मुळाशी पाया, बैठक हा अर्थ आहे. हुकूम वरून खाली येतो. कायदा मात्र हुकूम देणारा आणि घेणारा अशा दोघांच्याही पायाखाली असावा लागतो. ‘लोकशाही’ हा शब्द तर फारच बोलका आहे. त्यातील ‘लोक’ संस्कृत आणि ‘शाही’ फारसी, म्हणजे ‘शाह’ या राजवाचक शब्दापासून झालेली. नोकरशाही, हुकूमशाही, घराणेशाही या सर्व शब्दांचे उत्तरपद तेच. राजा गेला, तरी शाही शब्दात राहिली. सत्ता कोणत्याही राज्यपद्धतीत असतेच. तिच्या अलीकडे कोणाचे नाव जोडलेले आहे आणि तिला बांधणारे काही आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न आपल्या शहराने फार जवळून पाहिला आहे. मे १९३० च्या पहिल्या आठवड्यात महात्मा गांधींना अटक झाली आणि सोलापुरात गिरणी कामगार व नागरिक रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मेली. जमावाने पोलीस चौक्यांना आगी लावल्या, दोन पोलीस मारले गेले. त्यानंतर काही दिवस ब्रिटिशांची सत्ता शहरातून जवळजवळ नाहीशी झाली. त्या दिवसांत काँग्रेसचे स्वयंसेवक शहराची व्यवस्था पाहत होते, रहदारीचे नियमनही करत होते. चौकातील हात तोच, त्यामागील संमती मात्र बदललेली! पुढे १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला. राष्ट्रध्वज घेऊन चालणाऱ्यांना लष्करी न्यायाधिकरणांनी शिक्षा ठोठावल्या. डोक्यावरची गांधीटोपीसुद्धा संशयाची वस्तू ठरली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांचे पुतळे आपण रोज येता-जाता पाहतो.

आमच्या घरी आजीच्या तोंडी ‘मार्शल लॉ’ हा शब्द असे. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हते. पण वडील फार कडक बोलले, की ती स्वयंपाकघरातून म्हणे, ‘घरात काय मार्शल लॉ लागलाय का रं?’ तिच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ स्पष्ट होता : ज्याला ‘का?’ असे विचारता येत नाही असा हुकूम. लक्षात घ्या, मार्शल लॉचे हुकूमही लेखी होते, त्यांवर सह्या होत्या, त्यांच्या नावात ‘लॉ’ म्हणजे कायदा होता. तेव्हा लिहिलेले आणि सही केलेले सारेच कायदा ठरत नाही.

हाच प्रश्न दूर अमेरिकेतही उभा राहिला होता. अमेरिकेचे नाव आपल्याला परके नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो तेथील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण करून. तेथील यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, इंडियाना राज्यातील लॅम्बडिन मिलिगन या नागरिकाला लष्करी आयोगाने फाशीची शिक्षा सुनावली. १८६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले. ज्या प्रदेशात नेहमीची न्यायालये उघडी आहेत, तेथे सामान्य नागरिकावर लष्करी खटला चालवता येणार नाही, असा तो निर्णय होता. युद्धाचे कारण सांगूनही सत्तेला राज्यघटनेबाहेर पाऊल टाकता येत नाही, हे त्यातून प्रस्थापित झाले.

परंतु हा निर्णय आला तो युद्ध संपल्यावर. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अध्यक्षांच्या एका आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. फ्रेड कोरेमात्सु या तरुणाने घर सोडण्यास नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९४४ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. सरकारने कायद्याद्वारे माफी मागितली ती १९८८ मध्ये. राज्यघटना तीच, न्यायालय तेच. पण भीतीच्या दिवसांत ‘का?’ हा प्रश्न मोजक्यांनीच विचारला.

हे वाचून आपण स्वतःला शाबासकी देण्याचे कारण नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक मताने सांगितले, की स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही. ते एक विरोधी मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो निर्णय चुकीचा ठरवला. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर जे शहाणपण ठरले, ते त्या दिवशी एका माणसाच्या मतात शिल्लक होते.

आता एक गोष्ट माझ्या स्वतःविषयी. ती सांगणे मला सोपे नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका अभ्यासकेंद्रावर रविवारची संपर्कसत्रे घेत असे. स्वाध्याय स्वीकारण्याचे कामही माझ्याकडे होते. एका रविवारी विडी वळण्याचे काम करणाऱ्या एक विद्यार्थिनी स्वाध्यायांची वही घेऊन आल्या. त्या वयाने माझ्याएवढ्याच असतील. मुदत आदल्याच दिवशी संपली होती. मी वहीकडे न पाहताच म्हणालो, ‘आता घेता येणार नाही. नियम आहे.’

त्या क्षणभर थांबल्या. मग शांतपणे म्हणाल्या, ‘सर, ह्यो नियम कुठं लिहिलाय?’

मला राग आला. सत्तेला प्रश्न विचारला जावा यावर व्याख्याने देणारा मी, मला प्रश्न विचारला गेल्यावर रागावलो. ‘लिहिलेलाच आहे,’ असे म्हणून मी पुढच्या विद्यार्थ्याकडे वळलो. त्या वही घेऊन निघून गेल्या. संध्याकाळी घरी येऊन मी माहितीपुस्तिका उघडली. सबळ कारण असल्यास उशिरा आलेला स्वाध्याय स्वीकारावा, असे तेथे स्पष्ट छापलेले होते. मी तर कारणही विचारले नव्हते. ज्याला मी ‘नियम’ म्हणालो, तो माझा हुकूम होता. माझ्या त्या टेबलाएवढ्या राज्यात मी मार्शल लॉ लावला होता.

पुढच्या रविवारी मी त्यांची वाट पाहत होतो. त्या सत्राला आल्या. मी सर्वांसमोर सांगितले, की असा नियम नव्हता, चूक माझी होती, वही द्यावी. त्यांनी पिशवीतून वही काढून दिली. मी वही ठेवून घेतली, तरी त्या जागच्या हलेनात. म्हणाल्या, ‘पोच द्या, सर. सही आणि तारीख घालून.’

मी पोच लिहून दिली. त्यांनी ती वाचून पाहिली, घडी करून पिशवीत ठेवली आणि मग बाकावर जाऊन बसल्या. माझी दिलगिरी त्यांना पुरेशी वाटली नाही, आणि त्यांचे बरोबरच होते. माझा चांगुलपणा पुढच्या रविवारी टिकेल याची हमी कोण देणार? त्या कागदाची मात्र पुढे दाद मागता आली असती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बजावले होते, की राज्यघटना कितीही चांगली असली, तरी ती राबवणारी माणसे वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल. हे वाचताना पूर्वी माझ्या डोळ्यांसमोर मोठी माणसे येत : मंत्री, न्यायाधीश, अमेरिकेचे अध्यक्ष. आता त्या रांगेत अभ्यासकेंद्रावरील टेबलामागे बसलेला मीही दिसतो.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी कारखान्यात काम करत असेल, कोणी कार्यालयात, कोणी घर सांभाळून शिकत असेल. दिवसभरात तुम्ही कुठे हुकूम ऐकता आणि कुठे हुकूम देता. ऐकाल तेव्हा नियम कुठे लिहिला आहे ते विचारा. आणि तुम्हाला कोणी तसे विचारले, तर रागावण्यापूर्वी पुस्तिका उघडा.