बर्फाखालचं वजन

पनवेलला उरण नाक्यावर मासळी घ्यायला गेलो की अब्बा आधी माशाचे कल्ले उचलून बघायचे. भाव नंतर. "कल्ले खोटं बोलत नाहीत," म्हणायचे. पुढे मी तळोजा एमआयडीसीत मासळी गोठवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा कळलं की युरोपचं गिऱ्हाईकही हेच करतं. फक्त त्याच्या हातात थर्मामीटर असतो आणि मागे प्रयोगशाळा.

तेव्हा १९९७ची आठवण सगळ्यांना ताजी होती. त्या ऑगस्टमध्ये युरोपियन युनियनने अस्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात बंद केली होती. काही महिन्यांनी ती उठली, पण तपासून मंजूर झालेल्या कारखान्यांपुरतीच. मग भिंतींना टाइल्स आल्या, दारात पाय बुडवायला क्लोरीनचं पाणी आलं, प्रत्येक टप्प्याची नोंदवही आली. माल उणे १८ अंशांच्या वर जाता कामा नये, हे आम्हाला पाठ झालं.

नोंदवही मात्र माणूसच भरतो. गोठवलेल्या माशावर बर्फाचा पातळ थर देतात, त्याला ग्लेझ म्हणतात. त्यामुळे मासा सुकत नाही. हा थर वजनात धरायचा नसतो. एकदा म्हाकुळाचा माल निघायचा होता आणि वजन कमी भरत होतं. वरून निरोप आला, "ग्लेझ वाढवा, पाकिटावरचं वजन तेच राहू दे." मी सही केली. टेबलावर साफसफाई करणारी एक वयस्क मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरा, मासा इकतो का पानी?" मी हसून वेळ मारून नेली.

दोन महिन्यांनी तक्रार आली. तिकडे बर्फ वितळवून वजन केलं होतं. पैसे कापले गेले आणि पुढची ऑर्डर आलीच नाही. मालकाचं काय व्हायचं ते झालं, पण किलोवर मजुरी घेणाऱ्या बायकांना कित्येक दिवस काम नव्हतं. त्यात केरळहून आलेल्या, खोलीचं भाडं थकलेल्या मुली होत्या आणि ती मावशीही होती. नुकसान माझ्या सहीचं होतं, भरलं त्यांनी.

लहानपणी मदरशात एक किस्सा ऐकला होता. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं निघालं. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजलं. मग ते वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. हा किस्सा मला येत होता, तरी सही करताना आठवला नाही.

निर्यात वाढवायची म्हटलं की आपल्याकडे सवलती, बंदरं, स्वस्त मजुरी यांची चर्चा होते. बंदर तर आमच्या उशाशीच आहे. न्हावा-शेवा १९८९ पासून चालू आहे. २०२३-२४ मध्ये देशाने १७.८ लाख टन मासळी बाहेर पाठवली आणि ६०,५२३ कोटी रुपये मिळवले. म्हणजे किलोला सरासरी ३४० रुपये. आपला कच्चा माल व्हिएतनाम, थायलंड घेतात, त्यावर प्रक्रिया करतात आणि जास्त भावाने पुढे विकतात. यंत्रं आपणही आणू शकतो. पण तयार खाण्याचं पाकीट घेणारा माणूस कल्ले उचलू शकत नाही. त्याला पाकिटावरच्या अक्षरांवरच विश्वास ठेवावा लागतो.

२०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि कोळंबीवाले हादरले. त्याच वर्षी युरोपने आणखी १०२ भारतीय कारखान्यांना मान्यता दिली. पहिली गोष्ट आपल्या हातात नव्हती, दुसरी होती. आणि ती फक्त साहेबांच्या हातात नसते. होडीवर बर्फ पुरेसा घालणारा खलाशी, गार पाण्यात हात सुन्न होईपर्यंत म्हाकूळ सोलणारी बाई, नोंदवही भरणारा पोरगा, या सगळ्यांच्या हातात असते. त्या बाईला महिन्याचा बांधलेला पगार, हातमोजे आणि "हे चूक आहे" म्हणायची मुभा मिळाली, तर तिच्याइतका चांगला तपासनीस शोधून सापडणार नाही. त्या दिवशी तिने बरोबर ओळखलं होतं. पण तिचं ऐकायचं असतं, असं कुठल्याच नोंदवहीत लिहिलेलं नव्हतं.

अब्बा आता नाहीत. उरण नाक्यावर मी मुलाला घेऊन जातो आणि त्याला कल्ले बघायला शिकवतो. सहीची गोष्ट मात्र अजून सांगितली नव्हती. आता हे लिहिलंय, तर तो वाचेलच.