अर्ध्या मिनिटाचा पुरावा

थ्रॉम्बॉक्सेन ए२ म्हणजे प्लेटलेट्सना ‘चला, चिकटा एकमेकींना’ असं सांगणारं रसायन. १९७५मध्ये स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या प्रयोगशाळेनं ते शोधलं. आयुष्य जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. मग मोजायचं कसं? रक्त काढावं, तर सुई टोचल्यानंच प्लेटलेट्स बिथरतात आणि नवं थ्रॉम्बॉक्सेन तयार करतात. म्हणजे तपासणीच साक्षीदाराला फितवते! लघवीत मात्र त्याचा टिकाऊ अवशेष उतरतो: ११-डिहायड्रो-थ्रॉम्बॉक्सेन बी२. बाबांना हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, “लघवीतल्या वस्तूला एवढं भारदस्त नाव?”

स्टेंट बसल्यापासून बाबा रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतात. अधूनमधून चुकवतातही. अ‍ॅस्पिरिननं गप्प केलेली प्लेटलेट मरेपर्यंत गप्पच राहते, पण रोज नव्या जन्मतात. म्हणून गोळी रोज. ती काम करत असेल, तर लघवीतला अवशेष घटतो. थोडा इतर पेशींमधूनही येतो, त्यामुळे आकड्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. शिवाय गुठळी नेमकी कुठे आहे, हे तो सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात बाबांची पोटरी सुजली, तेव्हा आम्ही डॉप्लरच्या रांगेतच बसलो होतो.