उपनगरांतील प्रवास आणि नाकाचा शिष्टाचार

मुंबईच्या उपनगरांचा नकाशा जसा डोळ्यांनीं पाहतां येतो, तसा तो नाकानेंही वाचतां येतो. पश्चिम रेल्वेनें अंधेरीकडे जातांना गाडी पार्ल्यास आली कीं भाजलेल्या बिस्किटांचा गोड दरवळ डब्यांत शिरे. १९२९ सालीं स्थापन झालेला तो कारखाना २०१६ सालीं बंद पडला. तरी जुन्या प्रवाशांस त्या ठिकाणीं अजून त्या वासाची आठवण होते. वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत वाळत घातलेले बोंबील आपलें अस्तित्व दुरूनच जाहीर करतात. मुलुंडच्या कचराभूमीनें ती २०१८ सालीं बंद होईपर्यंत आसपासच्या रहिवाशांचा पुष्कळ अंत पाहिला. परंतु स्थळाचा वास गाडी पुढें गेली कीं मागें पडतो. शेजारच्या प्रवाशाचा वास मात्र बोरिवलीपर्यंत आपली सोबत करतो.

प्रवासाचीं साधनें बदललीं तसा हा प्रश्नही बदलला. १९२८ सालीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. जुन्या पद्धतीच्या लोकल गाडीचीं दारें प्रवासभर उघडीं असतात. त्यामुळें गर्दी कितीही असो, धांवत्या गाडीचा वारा दोन शेजाऱ्यांमध्यें मध्यस्थी करतो. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धांवूं लागली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजीं बोरिवलीहून चर्चगेटकडे पहिली वातानुकूलित लोकल निघाली. या दोहोंचीं दारें बंद! थंडावा मिळाला, पण तो मध्यस्थ गेला. सहार विमानतळावरून परदेशीं निघणाऱ्याची स्थिति तर याहूनही कठीण. लोकलमधून घाटकोपरला उतरून डबा बदलतां येतो; आकाशांत तेवढी सोय नाहीं.

अशा वेळीं रागावण्यापूर्वीं थोडें शास्त्र ध्यानांत घ्यावें. ताज्या घामास स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. त्वचेवरील सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करूं लागले म्हणजे तो उत्पन्न होतो. सकाळीं स्वच्छ स्नान करून निघालेला मनुष्य दिवसभर उन्हांत राबून सायंकाळीं त्याच गाडीनें परततो, तेव्हां त्याच्या अंगास येणारा वास हा आळसाचा नसून श्रमाचा असतो. मधुमेह बळावला असतां श्वासास फळांसारखा वास येतो. मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं असतां श्वास उग्र होतो. एका दुर्मिळ जन्मजात विकारांत तर कितीही स्वच्छता राखली तरी अंगास मासळीसारखा वास येत राहतो. शेजारी श्रमलेला आहे, आजारी आहे कीं केवळ निष्काळजी आहे, हें नाकाला कळत नाहीं. मग नाकाच्या साक्षीवर निकाल देण्याची घाई कां करावी?

शिवाय नाक हें मोठें सोयीस्कर इंद्रिय आहे. एकच वास सतत येत राहिला तर कांहीं मिनिटांतच त्यास त्याची जाणीव उरत नाहीं. याचा एक लाभ असा कीं, अंधेरीला असह्य वाटलेली गोष्ट कांदिवलीला पुष्कळशी सुसह्य होते. दुसरा परिणाम मात्र अधिक विचार करण्यासारखा आहे: आपला स्वतःचा वास आपणांस कधींच येत नाहीं. हिंगाची फोडणी आम्हांस भूक लावते. जर्मन भाषेंत मात्र हिंगाला ‘सैतानाची विष्ठा’ अशा अर्थाचें नांव आहे. विमानांत लोणच्याची बरणी उघडतांना ही गोष्ट आठवावी.

विमानांतील उपाय साधे आहेत. आसनावरील हवेची तोटी उघडून तिचा झोत आपल्या तोंडासमोरून खालीं सोडावा. तेथील हवा तासांत वीस-तीस वेळां बदलते. गाळणीनें जंतु अडतात, वास मात्र सगळा अडत नाहीं, म्हणून हा झोत उपयोगी पडतो. रुमालावर निलगिरीचे दोन थेंब घ्यावे, तोंडांत वेलदोडा धरावा. याहून अधिक त्रास झाला तर उठून मागें जावें व सेविकेस हळूच जागा बदलून मागावी. कारण विचारलें तरी शेजाऱ्याकडे बोट दाखवूं नये. आपण स्वतः बूट काढले असतील तर मोजे स्वच्छ असावे आणि अत्तर बेतानें लावावें. सुगंधाचा अतिरेक हाही शेजाऱ्यावर अन्यायच होय.

खरी कसोटी मात्र विमानांत नसून लोकलमधील बायकांच्या डब्यांत लागते. मासळीच्या टोपल्यांसाठीं मालडबा आहे, आणि बहुतेक कोळिणी त्यांतूनच जातात. पण एखादी कोळीण माल विकून, रिकामी टोपली घेऊन आंत येते आणि चार पदर एकदम नाकाला लागतात, हें दृश्य आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. “मावशी, टोपली जरा दाराकडे ठेवतां कां?” एवढें गोड शब्दांत म्हटलें तर ती बहुधा आनंदानें ठेवते; पदराला मात्र उत्तर देण्याची तिला संधीच नसते. तो पदर केवळ वासासाठीं वर जातो असेंही नाहीं. आपल्या घरांतून सोंवळें-ओंवळें गेलें, तरी विटाळाची जुनी वृत्ति कधीं कधीं नाकाच्या आश्रयास जाऊन राहते.

आणि त्याच वेळीं मांडीवरचें मूल आईच्या तोंडाकडे पाहत असतें. “शी!” हा शब्द तें तेथेंच शिकतें, आणि कोणाकडे पाहून तो उच्चारावा हेंही तेथेंच शिकतें. स्वच्छतेचे धडे मुलांस घरीं अवश्य द्यावे. ते आपल्या अंगासाठीं असतात. दुसऱ्याच्या अंगाविषयीं मौन राखण्याचा धडा मात्र डब्यांतच द्यावा लागतो, आणि तो शब्दांनीं न देतां पदर मांडीवर ठेवूनच देतां येतो.