दोन कोरे रकाने

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पासपोर्टची पुस्तकं छापली जातात. जुन्या नाशकातल्या आमच्या घरापासून ती प्रेस आठ-नऊ किलोमीटरवर. १९४७ साली नवा देश जन्माला आला तेव्हा त्याच्याकडे स्वतःची पोस्टाची तिकिटं नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'पाकिस्तान' हा शब्द उमटवण्याचं काम इथंच झालं आणि १ ऑक्टोबर १९४७ पासून ती तिकडे चालू लागली. पुढच्या वर्षी तिथं आलेल्या पहिल्या नोटाही नाशकातच छापलेल्या होत्या. रिझर्व्ह बँकेच्याच नोटा, वर 'हुकूमत-ए-पाकिस्तान' अशी अक्षरं टाकलेल्या. आम्ही भावंडांनी हे अम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांचा कागद इथून तिकडे गेला. मग आपल्याला जायला एवढे कागद कशाला लागतात?"

तिच्या या प्रश्नामागे एक कबर होती.

अम्मीचं माहेर कोकणीपुऱ्यातलं. तिची थोरली बहीण, आमची खाला, १९५८ साली लग्न होऊन कराचीला गेली. दोन्ही देशांमध्ये पासपोर्ट आणि व्हिसा लागू होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण मुंबईहून आगबोट जात होती आणि माणसं येत-जात होती. १९६५ च्या उन्हाळ्यात खालाच्या बाळंतपणासाठी नानी निघाली. खालाच्या यजमानांची नोकरी तेव्हा सिंधमधल्या हैदराबादला होती. "तीन महिन्यांत येते," असं सांगून नानी गेली. सप्टेंबरात युद्ध पेटलं. बोटी थांबल्या, मुनाबाव-खोखरापारची रेल्वे थांबली, पत्रंही थांबली. नानीचा तिथंच इंतकाल झाला. ही खबर अम्मीला कित्येक महिन्यांनी, कुवेतमधल्या एका नातेवाइकाच्या पत्रातून कळली. अम्मी तेव्हा पंचवीस वर्षांची होती. आईचा जनाजा तर दूरच, दफन कुठल्या कब्रस्तानात झालं हेही तिला पुढं कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी त्याच मार्गानं थार एक्स्प्रेस सुरू झाली. एकेचाळीस वर्षांनी तो रस्ता उघडला. अम्मीनं वर्तमानपत्रातला फोटो पाहिला आणि म्हणाली, "आता मला पाठवा."

मुंबईतली पाकिस्तानची वकिलात १९९४ सालीच बंद झाली होती. म्हणजे अर्ज द्यायचा तो दिल्लीला, चाणक्यपुरीत. आम्ही कागद जमवू लागलो. पासपोर्ट, रेशनकार्ड, विजेचं बिल, फोटो, खालाच्या मुलानं पाठवलेलं निमंत्रणपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. एका रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं भावंडं फॉर्म भरायला बसलो.

ज्यांनी हा व्हिसा कधी मागितला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तो देशाचा व्हिसा नसतो, गावांचा असतो. अर्जात गावांची नावं लिहायची. मंजूर झालेल्या गावांतच जायचं. पोहोचल्यावर पोलिसांत नोंद करायची, निघताना पुन्हा करायची. त्या काळी तीन गावं मागता येत. आम्ही पहिल्या रकान्यात लिहिलं : कराची.

"दुसऱ्यात हैदराबाद लिहा," अम्मी म्हणाली. "माझी आई तिथं आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते वर्ष २००६ होतं. जुलैत मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले होते. ८ सप्टेंबरला मालेगावात स्फोट झाले होते. मालेगाव म्हणजे आपलाच जिल्हा, आपलीच सोयरीक. धरपकड चालू होती. मालेगावच्या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयानं २०१६ साली आरोपातून मुक्त केलं. पण २००६ च्या त्या रात्री २०१६ कुणी पाहिलं होतं? मोहल्ल्यात 'कराची' हा शब्दसुद्धा लोक हळू आवाजात उच्चारत.

आम्ही म्हणालो, "अम्मी, जास्त गावं मागितली की शंका येते. एकच लिहू. लवकर मिळेल."

अम्मी काही बोलली नाही. तिनं सही केली. दोन रकाने कोरे राहिले.

पंजाब मेलनं दिल्लीला जाऊन आम्ही अर्ज दिला. काही आठवड्यांनी व्हिसा मिळाला. जेवढं मागितलं होतं तेवढं त्यांनी दिलं. तक्रारीला जागा नाही. २००७ च्या थंडीत आमच्यातला धाकटा अम्मीला घेऊन जोधपूरमार्गे कराचीला पोहोचला.

दोघी बहिणी भेटल्या तेव्हा आधी रडल्या, मग मराठीत बोलू लागल्या. खालाची नातवंडं तोंडाकडे पाहत राहिली. आपली दादी ही कुठली भाषा बोलते? खालानं विचारलं, "गोदेला पूर येतो का गं अजून? दुतोंड्या मारुती बुडतो का?" अम्मी म्हणाली, "कधी गुडघ्यापर्यंत, कधी छातीपर्यंत. पूर मोजायचा तर अजून त्याच्याकडेच बघतात." खाला खूप वेळ हसत होती.

तिसऱ्या दिवशी खाला म्हणाली, "उद्या हैदराबादला जाऊ. आईच्या कबरीवर."

धाकट्यानं पासपोर्ट काढून दाखवला. कराची, एवढंच.

खालाचा मुलगा म्हणाला, "खालाजान, दीडशे-एक किलोमीटर तर आहे. पहाटे निघू, रात्री परत येऊ. कोण बघतंय?"

अम्मी म्हणाली, "बेटा, मी कायद्यानं आले, कायद्यानं परत जाईन. माझ्या लेकरांना नाशकात राहायचंय."

दुसऱ्या दिवशी ती खालाच्या गच्चीवर बसली, हैदराबाद कुठल्या बाजूला ते विचारलं आणि तिकडे तोंड करून नानीसाठी यासीन पढली. धाकट्यानं आम्हाला हे सांगितलं तेव्हा आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही.

अम्मीनं आम्हाला कधी बोल लावला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही देशांत नवा करार झाला आणि तीनऐवजी पाच गावं मागता येतील असं ठरलं. आम्ही म्हणालो, "अम्मी, आता हैदराबाद पहिलं लिहू." पण तोवर तिचं अंथरुणावरून उठणं बंद झालं होतं. पुढच्या वर्षी ती गेली. खालाही आता नाही. थार एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची वाटही बंद झाली आणि दिलेले व्हिसा रद्द झाले. ज्यांच्या आया, बहिणी, लेकी पलीकडे आहेत, त्यांच्यासाठी पुन्हा १९६५ साल आलं.

त्या फॉर्मची झेरॉक्स अजून आमच्या कपाटात आहे. वकिलातीनं हैदराबाद नाकारलं असतं तर दोष द्यायला कुणीतरी असतं. कुणी नाकारलंच नाही, कारण आम्ही मागितलंच नाही. भीती खोटी नव्हती. ती खरी होती, तिला कारणं होती. पण तिच्यापोटी अम्मीच्या आईचं गाव आम्ही आमच्या हातानं वगळलं, हेही तितकंच खरं. फॉर्म कुठलाही असो, नोकरीचा, घराचा, शाळेचा, आपल्यातले किती जण 'नको, उगाच कशाला' म्हणत असे रकाने सोडत असतील?

मागच्या वर्षी आमची भाची शिकायला जर्मनीला निघाली. तिच्या व्हिसाचा अर्ज आमच्याच घरी, त्याच टेबलावर भरला. मध्येच थांबून तिनं विचारलं, "मामू, इथं सगळं खरंखुरं लिहू, की थोडक्यात आटपू?"

आम्ही म्हणालो, "सगळं लिही, बेटा. एकही रकाना कोरा ठेवू नकोस."