आष्टीचा मुक्काम आणि गाडीचें दार

महाराष्ट्रांत आष्टी या नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. त्यामुळें आम्ही आष्टीस निघालों असें सांगितलें कीं ऐकणाराच्या मनांत भलतेंच चित्र उभें राहतें. इतिहासाची गोडी असलेल्या गृहस्थास, सेनापति बापू गोखले १८१८ च्या फेब्रुवारींत जेथें धारातीर्थीं पडले, ती सोलापूर जिल्ह्यांतील आष्टी आठवते. वऱ्हाड-वर्ध्याकडील मंडळींस १९४२ च्या ऑगस्टांतील हुतात्म्यांची आष्टी आठवते. आमची आष्टी या दोहोंपैकीं नव्हे. ती बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस, नगर जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या तालुक्याचें ठाणें आहे, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तेथें निजामाचा अंमल होता. आमची धाकटी भगिनी त्या गांवीं दिली आहे. म्हणून गेलीं चाळीस वर्षें आमचें तेथें जाणेंयेणें आहे.

पूर्वीं आम्ही पुण्याहून एस.टी.नें जात असूं. पुणें ते नगर हा एस.टी.चा अगदीं पहिला मार्ग, १ जून १९४८ रोजीं सुरू झालेला. नगरास गाडी बदलावयाची, धूळ खात आष्टी गांठावयाची, असा शिरस्ता होता. आतां नगरचें नांव अहिल्यानगर झालें. तेथून आष्टीपर्यंत २३ सप्टेंबर २०२२ रोजीं आगगाडी धांवूं लागली, आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून ती पुढें बीडपर्यंत जाऊं लागली. ज्या रुळांची वाट पाहतां पाहतां दोन पिढ्या गेल्या, त्यांवरून एकदां जावें, अशी आमची फार इच्छा होती. परंतु पुतण्यानें नवी मोटार घेतलेली. “काका, दारांत बसाल तें दारांत उतराल,” असें तो म्हणाला, आणि आम्हीं मान डोलविली. दाराचा हा उल्लेख पुढें आम्हांस वारंवार आठवावयाचा होता.

मार्गशीर्षाचे दिवस होते. नगर मागें पडल्यावर बालाघाटाच्या उघड्याबोडक्या रांगा दिसूं लागतात. मधून मधून ज्वारीचीं हिरवीं शेतें, बाभळी, आणि कोठें कोठें कुलुपें लागलेलीं घरें. दसरा-दिवाळी झाली कीं या भागांतील पुष्कळ नवरा-बायको ‘कोयता’ म्हणून उचल घेऊन पश्चिमेकडील साखरकारखान्यांवर ऊस तोडावयास जातात, तीं उन्हाळा लागतांना परततात. मागें म्हातारीं माणसें आणि शाळेंत जाणारीं मुलें राहतात. हें आम्हांस ठाऊक होतें. पण खिडकींतून पाहून ठाऊक असणें वेगळें.

आष्टींत शिरल्यावर, बहिणीकडे रिकाम्या हातीं कसें जावें, म्हणून बाजारांतील एका फळवाल्यापुढें पुतण्यानें गाडी रस्त्याच्या डाव्या कडेस उभी केली. आम्ही मागील आसनावर उजव्या अंगास बसलों होतों. डाव्या हातांत छत्री, मांडीवर पिशवी. बसून बसून पाय आंखडले होते. उजव्या हातानें खटका ओढला आणि दार सताड उघडलें.

पुढें जें झालें तें निमिषांत झालें. दाराच्या कडेवर कांहीं आदळलें, आणि निळ्या गणवेशांतील एक मुलगी सायकलीसह रस्त्याच्या मध्यावर पडली. मागून भरलेला टेंपो येत होता. त्याच्या चालकानें करकचून ब्रेक लावला; टेंपोचें चाक आणि तिची वेणी यांमध्यें दोन हातांचें अंतर राहिलें. तें अंतर आम्ही अद्यापि रात्रीं मोजतों.

यानंतरची गोष्ट सांगतांना संकोच होतो. पण सांगितली पाहिजे. पुतण्या खालीं उतरून पहिलें वाक्य बोलला, “बघून चालवतां येत नाहीं का ग?” आणि आम्ही गप्प राहिलों. ती मुलगी मनगट पोटाशीं धरून उठली नि म्हणाली, “चुकलं माझं, आजोबा.” पस्तीस वर्षें मुलांना खरें बोलावयास शिकविणारे आम्ही, त्या वेळीं आमच्या तोंडून शब्द फुटला नाहीं. फुटला तो शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याच्या. वांकलेलें चाक हातांत फिरवीत तो म्हणाला, “तिचं काय चुकलं, बाबा? ती तिच्या वाटेनं चालली होती. दार तुम्ही उघडलंत.”

दवाखान्यांत मनगटाचें चित्र काढलें. हाड मोडलें नव्हतें. सूज होती, कोंपर सोललें होतें. दुसरे दिवशीं बहिणीला घेऊन आम्ही तिच्या वस्तीवर गेलों. गांवापासून ती चार किलोमीटरांवर. आईबाप तोडीवर, घरीं आजी आणि धाकटा भाऊ. सायकल बापानें यंदाच्या उचलींतून घेतलेली. ती दुरुस्त होईपर्यंत मुलीची शाळा बुडाली, कारण त्या वेळेस तिकडून दुसरें वाहन नाहीं. आजीनें दुरुस्तीचे आणि औषधाचे तेवढे पैसे घेतले, वरची नोट परत केली, आणि चहा ठेवला. चहा देतांना तिनें सहज विचारलें, “त्या अंगानं उतरायला जागा नव्हती का?” डाव्या अंगास जागा होती. फळवाला तर त्याच अंगास होता. आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

त्या मुक्कामांत संध्याकाळीं आम्ही त्या दुरुस्तीवाल्याच्या बाकावर जाऊन बसूं लागलों. दार सायकलस्वारास मारतें थोडें, त्याचें म्हणणें. तें हँडलचें टोंक अडवितें, चाक वळतें, आणि स्वार उजवीकडे, म्हणजे धांवत्या वाहनांच्या बाजूस फेंकला जातो. कधीं कधीं दार लागतहि नाहीं, दचकून स्वार बाजूस होतो आणि मागचें वाहन त्याला गांठतें. आम्हीं घरीं येऊन हिशेब मांडला. सायकलीचा वेग ताशीं पंधरा किलोमीटर धरला तर ती सेकंदास चार मीटरांहून किंचित् अधिक जाते. दार दिसून हात ब्रेकावर आवळेपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे चार मीटरांच्या आंत दार उघडलें तर ब्रेकाचा उपयोगच नाहीं. कडेच्या गाड्यांपासून एक दार-भर दूर राहावें असें सायकलस्वारास सांगतात, तें योग्यच. पण ज्या बाजारांतून उसाचे ट्रॅक्टर जातात, तेथें त्या पोरीनें दूर म्हणजे कोठें राहावें?

उपाय मात्र अगदीं सोपा आहे, आणि तो हॉलंडांत रूढ आहे. दाराच्या जवळचा हात न वापरतां दूरचा हात वापरावयाचा. आपल्या देशीं चालक उजवीकडे बसतो; त्यानें, आणि मागें उजवीकडे बसणारानें, डाव्या हातानें दार उघडावें. हात आडवा नेतांना खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते, आणि नजर आपोआप मागच्या रस्त्यावर जाते. आरशावर सर्वस्वीं विसंबूं नये. गाडीच्या अगदीं लगत आलेली सायकल त्यांत पुष्कळदां दिसत नाहीं, आणि मागच्या आसनावरील माणसास तर आरसा नसतोच. प्रथम दार बोटभर उघडावें, पाहावें, मग पुढें. इंग्लंडच्या रस्त्यांच्या नियमावलींत ही दूरच्या हाताची रीत २९ जानेवारी २०२२ पासून घातली आहे. कोणास इजा होईल असें दार उघडणें हा तर तेथें त्यापूर्वींपासूनच गुन्हा आहे.

टांग्यास दार नव्हतें. उतारू मागून उतरे. एस.टी.चें दार डावीकडे. मोटार घरोघर आली आणि रस्त्याच्या बाजूस उघडणारें दार प्रथमच आमच्यासारख्यांच्या हातीं आलें. पण तें कसें उघडावें हें कोणीं शिकविलें नाहीं. यतीनें भूमि पाहून पाऊल टाकावें, असा नियम मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत आहे. तो आम्हीं विद्यार्थ्यांस कितीदां तरी समजावून दिला असेल. मोटारींतून पाऊल बाहेर टाकतांना तो आठवला नाहीं.

पुतण्या मनाचा वाईट नाहीं. तिसरे दिवशीं तो आपण होऊन वस्तीवर गेला आणि त्या मुलीजवळ बोलला. काय बोलला तें आम्हीं विचारलें नाहीं. मुलांनीं आंतून उघडूं नये म्हणून मागील दारांस एक कुलपाची कळ असते. ती त्यानें उजव्या दारास लावून टाकली. घरांतील नातवंडें आणि आम्ही, सर्वांनीं आतां डावीकडूनच उतरावयाचें. “मला काय लहान मूल समजतोस?” असें म्हणावयाचें आमच्या ओठांवर आलें होतें, तें गिळलें.

परत येतांना कड्यास चहासाठीं थांबलों. आम्ही पुढें चालकाशेजारीं बसलों होतों. पुतण्याचा उजवा हात सवयीनें खटक्याकडे गेला, थबकला, आणि मग डावा हात आडवा होऊन अवघडत दार चाचपूं लागला. त्यानें मान मागें वळविली. एक म्हातारा सायकलीस दुधाच्या दोन कॅनी अडकवून येत होता. गाडीजवळून तो संथपणें पुढें गेला. आंत कोणी त्याच्यासाठीं खोळंबलें आहे याची त्यास कल्पनाहि नव्हती.