बोगद्याबाहेरची खाडी

ठाणे ते दिवा या पट्ट्यात फास्ट लोकलवाल्या कल्याण-डोंबिवलीकरांनी पिढ्यान् पिढ्या काळोखच पाहिला. पारसिकचा बोगदा 1916 चा, सव्वा किलोमीटरहून लांब. गाडी आत शिरली की पोरं शिट्ट्या मारायची, आरोळ्या ठोकायची. खाडी दिसायची ती स्लो गाडीवाल्यांना. 2022 मध्ये नवे रूळ झाले आणि फास्ट लोकलही कळवा-मुंब्र्यावरून धावू लागल्या.

तरी खाडी कोण पाहतं? एका पायावर उभं राहून ऑफिस गाठणाऱ्याला ‘निसर्ग पाहा’ म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. शिवाय खाडी नीट दिसते ती दारातून, आणि दार म्हणजे काय ते मुंब्र्याच्या वळणाने 9 जून 2025 ला दाखवलं. दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारातली माणसं रुळांवर पडून मेली.

पाहायचं तर उतरावंच लागतं, तेही ओहोटीला. आधी नुसता चिखल दिसतो, नाकाला वास झोंबतो. जरा गप्प उभं राहिलं की चिखलाचाच एक तुकडा उडी मारतो. ती निवटी. मासा असून पाण्याबाहेर परांवर रेटत चालते, डोळे थेट टाळूवर, आणि ते कोरडे पडले की खोबणीत ओढून ओले करून घेते. एक दिसली की मग दहा दिसतात. त्या मघापासून तिथेच असतात. काठाच्या आगरी-कोळी घरांत निवटीचं कालवण होतं, त्यामुळे त्यांना ती आपल्याआधी दिसते. पोट हा डोळ्यांचा जुना गुरू आहे.

शेजारी तिवर. त्याची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली, कारण भरतीत बुडणाऱ्या त्या गाळात हवाच नसते. पान जिभेला लावलं तर खारट लागतं (पाऊस पडून गेल्यावर नव्हे, मीठ धुऊन जातं). मुळांनी अडवूनही आत आलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

पाहायला आपल्याला रंग लागतो. 2020 च्या फेब्रुवारीत डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला, तेव्हा सगळ्यांना दिसला. ऐरोलीकडे रोहित पक्षी पाहायला बोटी निघतात, तेही गुलाबीच. ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहितांचा हा रंग त्यांच्या खाण्यातून, विशेषतः निळ्या-हिरव्या शेवाळातून येतो. आणि ते शेवाळ इथे माजतं त्याला शहरांचं सांडपाणीही कारण आहे, असं अभ्यासक मानतात. म्हणून सांडपाणी चांगलं ठरत नाही, आणि रोहितही कमी देखणे ठरत नाहीत. फोटो काढताना एवढं ध्यानात असलेलं बरं की त्या गुलाबीत आपल्या मोरीचंही थोडं पाणी आहे.