चौथी लाइन

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एड. झाले, नोकरीही लागली. पण शाळा विनाअनुदानित. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आमच्यासाठी दुसरे काम शोधण्याचे दिवस. २०२३च्या मे महिन्यात खालांच्या मुलाचा, म्हणजे भाईजानचा निरोप आला, "मास्टर, मशीन की किताब अंग्रेजी में है. जरा आके पढ़ दो."

हा गाळा आम्हाला लहानपणापासून ठाऊक. भिवंडीतला, पत्र्याच्या छपराचा. तिथे खालूंचे आठ पॉवरलूम होते आणि आमचे अब्बा त्यांवर जॉबर होते. लूम बिघडला की अब्बांना हाक जायची. पुढे कापडाचा धंदा बसला. खालू गेले. २०२१मध्ये भाईजाननी लूम भंगारात काढले आणि कर्ज काढून तिथे अल्कोहोल स्वॅबची मशीन बसवली. इंजेक्शन देण्याआधी नर्स ज्या ओल्या कापडाने दंड पुसते ना, त्याची चांदीच्या रंगाची छोटी पाकिटे बनवणारी ही मशीन.

मशीन आली तशी मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. "लूम गये, अब शराब का कारखाना!" अब्बांनाही कारखान्यातल्या वासाचे कपडे घालून नमाजला उभे राहावे की नाही, असा प्रश्न पडला. आम्ही त्यांना सांगितले की हे आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे. शराबमध्ये असते ते इथाइल, ते वेगळे. हे विष आहे, पिणारा दवाखान्यात जाईल. आणि अल्कोहोल हा शब्द तर अरबी 'अल-कुह्ल'वरून आला. कुह्ल म्हणजे सुरमा. आधी बारीक कुटलेली पूड, मग कोणत्याही वस्तूचा अर्क, आणि शेवटी दारूचा अर्क, असा प्रवास करत तो शब्द युरोपात गेला आणि बदनाम होऊन परत आला. अब्बा हसले. तरी मशिदीत जाताना कपडे बदलूनच जात राहिले. आम्हीही पुन्हा काही बोललो नाही.

मशीनचे काम समजायला सोपे आहे. न विणलेल्या मऊ कापडाचे चार अरुंद रोल वरच्या शाफ्टवर असतात. कापड खाली येते, त्याची घडी पडते, तुकडा होतो. नळीतून सत्तर टक्के अल्कोहोलचा मोजका डोस त्यावर पडतो. सत्तर टक्केच का, तर उरलेले तीस टक्के पाणी फार कामाचे असते. पाण्यामुळे जंतूंमधली प्रथिने नीट मोडतात आणि अल्कोहोल लगेच उडून जात नाही. मग वरखालून कागद, अॅल्युमिनियम आणि पॉलिथिनचे थर असलेला फॉइल येतो. गरम रोलर चारही बाजू दाबतात. आतले पॉलिथिन वितळून चिकटते आणि पाकीट बंद होते. अशा चार लाइन शेजारी शेजारी चालतात. वाफ पेट घेणारी आणि हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पंखा आणि दाराबाहेरच बिड्या विझवण्याची सक्ती.

तक्रार अशी होती की काही पाकिटे कोरडी निघत होती. सगळी नाही, अधूनमधून. आम्ही किताब उघडली. 'गळती' या मथळ्याखाली पहिलेच कारण होते, सीलचे तापमान कमी. आम्ही ते १४०वरून १६० अंश केले. मग कडेची दहा पाकिटे उचलली, निळे पाणी भरलेल्या भांड्यात टाकली, पंपाने हवा ओढली. सील कच्चे असेल तर निळा रंग आत शिरतो. एकाही पाकिटात शिरला नाही. भाईजाननी चहा मागवला, "पढ़ाई काम आती है" असे म्हणाले, आणि आमची छाती फुगली. जाताना त्यांनी घरासाठी एक डबा दिला. अम्मींना साखर आहे, रोज इन्सुलिन घ्यावे लागते.

पंधरा दिवसांनी सकाळी आम्ही अम्मींच्या खोलीत गेलो. त्यांनी पाकीट फाडले, पोट पुसले, सुई घेतली. खोलीत वास आला नाही. आम्ही ते कापड हातात घेतले. कडक कोरडे. डब्यातली आणखी फाडली. दोन ओली, तिसरे कोरडे.

"अम्मी, ये तो सूखा है. बोले क्यों नहीं?"

"मुझे लगा कुछ ऐसे ही रहते होंगे," अम्मी म्हणाल्या. "और तूने बनाया बोलके सब को बताया था."

हे वाक्य आम्हाला फार लागले.

त्याच दिवशी आम्ही गाळ्यावर गेलो. या वेळी किताब बाजूला ठेवली आणि शाळेतली सवय कामी आणली. चार रकाने आखून हजेरीपट तयार केला. प्रत्येक लाइनची पाकिटे वेगळी ठेवली, त्यांवर वेळ लिहिली, आणि सर्वांना निळ्या पाण्यात घातले. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झाले. पहिल्या तीन लाइन पक्क्या. गैरहजर पाकिटे सगळी चौथीतली, तीही नवा रोल चढवल्यावर जास्त, रोल संपत आला की कमी.

मग आधीच्या तपासणीत ही का सापडली नाहीत? कारण चौथी लाइन भिंतीकडे आहे. हात तिथे सहज पोचत नाही. आम्ही दहाही पाकिटे हाताशी असलेल्या पहिल्या लाइनमधून घेतली होती.

तापमान चारही लाइनना एकच होते, म्हणजे दोष त्यात नव्हता. वीस अंश वाढवून आम्ही फक्त फॉइलच्या कडा पिवळ्या केल्या होत्या. भिंगाखाली गळके सील पाहिले तर त्यात कापडाचे दोन-तीन तंतू दबलेले. सील बंद दिसत होते, पण ते तंतू दिव्याच्या वातीसारखे आतले अल्कोहोल बाहेर ओढत होते. कापड तिथे येते कसे, हे मात्र आम्हाला कळेना.

शेवटी अब्बांना बोलावले. त्यांनी मशीन बंद करायला लावली, शाफ्टवर हात ठेवला, मग खाली बसून जमीन चाचपली. "यहाँ आठ नंबर का लूम था," ते म्हणाले. लूम उखडल्यावर त्याच्या पायाचे खड्डे नुसत्या भरावाने बुजवले होते. मशीनचा भिंतीकडचा पाय त्यावर होता आणि दोन वर्षांत खचला होता. पाणसळ ठेवली तर शाफ्ट तिकडे कललेला. रोल सरकू नये म्हणून प्रत्येकाला एक कॉलर असते. तिघींनी धरून ठेवले, चौथीच्या स्क्रूचे आटे झिजले होते. रोल नवा आणि जड असला की तो थोडासा सरकायचा आणि कापडाची कड सीलखाली जायची. आठ नंबरचा लूमसुद्धा असाच कलायचा म्हणे. खालूंनी अब्बांचे ऐकून त्याचा पाया दोनदा भरला होता.

दुरुस्ती एका दिवसाची. पायाखाली काँक्रीट, नवी कॉलर, तापमान पुन्हा १४०. अवघड गोष्ट पुढेच होती. त्या पंधरा दिवसांतला माल व्यापाऱ्याकडे गेला होता आणि चारही लाइनची पाकिटे एकाच डब्यात मिसळलेली. "किसी ने शिकायत नहीं की," भाईजान म्हणाले. कर्जाचा हप्ता तोंडावर होता. त्यांचे खोटे नव्हते, तक्रार कुणीच केली नव्हती.

आम्ही म्हणालो, "अम्मी ने भी नहीं की थी."

भाईजान बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी फोन उचलला. माल परत आला, मोडीत गेला. दोन महिने त्यांनी आमच्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले. आता तपासणीचा नियम मात्र तिथे पक्का आहे, प्रत्येक लाइनमधून, प्रत्येक नव्या रोलला.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रयोगाचा धडा संपवून आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, "समझ में आया?" पहिल्या बाकांवरून जोरात "जी सर" आले. आम्ही फळ्याकडे वळत होतो, तेवढ्यात भिंतीकडच्या शेवटच्या रांगेकडे लक्ष गेले. तिथून कधी तक्रार येत नाही. खडू खाली ठेवला आणि आम्ही तिथपर्यंत चालत गेलो. एका मुलीची वही पाहिली. तीन आठवड्यांपासून कोरी होती.

"बोली क्यों नहीं बेटा?"

ती खाली पाहत राहिली. आम्ही तिच्या शेजारी बाकावर बसलो आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.